एकोणिसावा धूर

आमच्याकडे घरं उंबऱ्यावर मोजत नाहीत, धुरावर मोजतात. ज्या घराच्या धुराड्यातून धूर निघतो त्या घराला सामाईक डोंगरात वाटा आणि सभेत एक मत. आत माणसं कितीही असोत, धूर एक. घरात राहणारं कोणी उरलं नाही, कुलूप लागलं, की मत गेलं. गावात एकोणीस धूर उरले होते आणि एकोणिसावा माझ्या बाबांचा होता.

बाबा सप्टेंबरमध्ये गेले. मी दोन तासांवर, वीगो शहरातल्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. शुक्रवारी संध्याकाळी यायचं, घर उघडायचं, रविवारी परत जायचं, असं चाललं होतं. पहिल्याच शुक्रवारी स्वयंपाकघरातल्या लोखंडी चुलीवर सहज हात ठेवला, तर ती कोमट लागली. घराची एक किल्ली शेजारच्या ओब्दुलियामावशीकडे असते. मी तिला काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. पुढचे आठ शुक्रवार चूल कोमटच होती.

डोंगरावरचा माळ एका लाकूड कंपनीला तीस वर्षांच्या कराराने द्यायचा का, यावर नोव्हेंबरात मतदान होतं. बाबांचं घर सोडून नऊ घरं ‘द्या’ म्हणत होती, नऊ ‘नको’. मतं समान पडली तर अध्यक्षांचा शब्द शेवटचा, आणि अध्यक्ष सेकुन्दिनो ‘द्या’वाले. बाबा चार वर्षं ‘नको’वर ठाम होते. हाच डोंगर पूर्वी सरकारने काढून घेतला होता, आणि तो परत मिळवता मिळवता बाबांच्या उमेदीची वीस वर्षं कोर्टात गेली होती. माळावर गावाने स्वतःची चेस्टनट वाळवायची भट्टी काढावी, सुतारकामाचा कारखाना काढावा, असं ते म्हणायचे. त्यांचं ते मत मला टाकायचं होतं. त्यांच्यासाठी करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

सभा रविवारी चर्च सुटल्यावर, बंद पडलेल्या शाळेत भरली. मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन सगळे बसले. सेकुन्दिनोंनी घरांची यादी वाचायला घेतली.

“देल्मिरोचं घर.”

देल्मिरो म्हणजे माझे बाबा. मी हात वर केला.

“थांबा,” रोसेन्दो म्हणाला. गावातल्या शेवटच्या अकरा गायी त्याच्याच. “त्या घराचा धूर कोणाचा?”

“म्हणजे?” सेकुन्दिनोंनी विचारलं.

“पोरगी आठवडाभर वीगोला असते. मी सकाळी सातला गायी घेऊन जातो, तर धुराडं भकभक चाललेलं. देल्मिरो वर गेल्यावरही कॉफी करायला खाली उतरतो की काय?”

हशा पिकला.

“उतरला तरी तुझ्याकडे नाही येणार,” ओब्दुलियामावशी म्हणाली. “तुझी कॉफी त्याला कधी गिळवली नाही.”

“परवा राखेची बादली घेऊन तिथून कोण बाहेर पडलं, ते सांग आधी.”

“ऐंशी वर्षांच्या बाईने राख कुठे टाकायची ते आता तू ठरवणार?”

“स्वतःच्या घरची टाक की!”

सेकुन्दिनोंनी टेबलावर पट्टी आपटली. मग माझ्याकडे बघून जरा हळू आवाजात विचारलं, “बाल्बिना, तूच सांग. चूल तू पेटवतेस ना?”

त्यांनी मला वाट करून दिली होती. ते माझ्याविरुद्ध मत देणार होते, तरीही. ‘पेटवते’ एवढंच म्हणायचं होतं, आणि शनिवार-रविवारपुरतं ते खरंही होतं. मावशी माझ्याकडे टक लावून बघत होती.

“शनिवार-रविवार मी,” मी म्हणाले. “बाकीचे दिवस मावशी. मला ते पहिल्यापासून माहीत होतं.”

सेकुन्दिनोंनी पट्टी ठेवून बाबांच्या नावावर सरळ रेघ मारली. ती मी बघितली. “नवी यादी जानेवारीत,” ते म्हणाले. “तोवर राहायला आलीस तर विचार करू.”

“पुस्तकं वाचून वाचून पोरीची अक्कल पातळ झाली!” मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

“मत नाही, पण बोलता येईल ना?” मी सेकुन्दिनोंना विचारलं.

“बोल. बोलायला धूर लागत नाही.”

बाबांविषयी दोन पानं लिहून आणली होती. ती पर्समध्येच ठेवली आणि टेबलावरचा करार उचलला. रोसेन्दोचा मुलगा शोएल स्वित्झर्लंडच्या एका हॉटेलात भांडी घासतो. नातू फोनवर तिकडच्या भाषेत जे बोलतो त्यातलं रोसेन्दोला अर्धंही कळत नाही. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

“रोसेन्दोकाका, शोएलला इथे काम मिळेल असं यात कुठे लिहिलंय?”

“चौथ्या पानावर. चाळीस नोकऱ्या. वाचून दाखवलंय आम्हाला.”

“पुन्हा वाचते. ‘या प्रकल्पातून जिल्ह्यात चाळीसपर्यंत रोजगार निर्माण होऊ शकतील.’”

“मग? तेच तर.”

“चाळीस नाही, चाळीसपर्यंत. गावात नाही, जिल्ह्यात. आणि होतील नाही, होऊ शकतील.”

“आता शब्दांचा कीस काढत बसा,” मागून कोणीतरी म्हणालं.

“काढू दे,” रोसेन्दो म्हणाला. तो पुढे आला, कागद हातभर लांब धरला आणि त्या ओळीवरून दोनदा बोट फिरवलं. “म्हणजे सहा जणांना दिलं, तरी चाळीसपर्यंतच?”

“हो.”

“आणि एकालाही नाही दिलं?”

मी ‘पर्यंत’वर बोट ठेवलं.

“शून्यसुद्धा चाळीसपर्यंतच की,” तो स्वतःशीच म्हणाला. मग वळला. “सेकुन्दिनो, मी ‘द्या’वालाच आहे. मला माझा पोरगा इथे पाहिजे. पण त्यांच्याकडून आकडा लिहून आण. आकडा, गावाचं नाव, आणि शब्द मोडला तर माळ परत. तोवर माझं मत माझ्या खिशात.”

“कंपनी थांबायची नाही रे.”

“आपण वीस वर्षं कोर्टात थांबलो. त्यांना तीन महिने जड होतात?”

विषय फेब्रुवारीवर ढकलायचा, यावर हात वर झाले. दहा विरुद्ध आठ.

परतताना पाणवठ्यापर्यंत मावशी माझ्यापुढे भराभर चालत राहिली. मग थांबली. “खोटं बोलायला तुझं काय जात होतं? दहा ‘नको’ झाले असते, आजच संपलं असतं.”

“आणि शोएल?”

“त्याचं काय?”

“तो भांडीच घासत राहिला असता. बाबांची ती भट्टी, तो कारखाना, सगळं तोंडीच होतं, मावशी. कागदावर एक ओळ नाही. चार वर्षं त्यांनी फक्त ‘नको’ म्हटलं.”

बाबा गेल्यापासून त्यांच्याविरुद्ध मी काही बोलले नव्हते. मावशीने कोटाच्या आतून आमच्या घराची किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली.

“मग आता?”

“फेब्रुवारीपर्यंत मी लिहून काढते. किती माणसं, कोणती, वर्षाचे किती महिने काम. नावानिशी.”

“वीगोत बसून?”

“नाही.”

दुपारी मुख्याध्यापिकेला फोन केला आणि या वर्षी माझी वाट बघू नका, म्हणून सांगितलं. तिने कारण विचारलं. घर, असं म्हणाले. मग वही घेऊन रोसेन्दोच्या गोठ्यात गेले. तो दूध काढत होता. त्याने मान वर केली नाही.

“माझं मत फिरवायला आली असशील तर दार मागे आहे.”

“नाही. शोएलला सुतारकाम येतं का?”

बादलीतली धार थांबली.

“हात चांगला आहे त्याचा. हा दरवाजा त्यानेच केलाय. का?”

“त्याला विचारायचंय, काय असेल तर तो परत येईल. त्याचा नंबर द्या.”

रोसेन्दोने हात पँटला पुसले, खिशातून फोन काढला आणि एकेक आकडा मोठ्याने सांगायला लागला. मी लिहीत गेले.