दिवा वर, मी खाली

मी गॅरेजमधला पंखा बोलतोय, आणि आज मला मध्ये तोडू नका. एरवी तुम्ही बोलता आणि मी घरघर करतो. आज उलट होऊ दे.

माझा जन्म कारखान्यातला. तीन पाती, तपकिरी रंग, वर लाकडाच्या रेषा छापलेल्या. त्या खोट्या रेषांनीच घात केला. दुकानात माझ्याखाली एक जोडपं उभं राहिलं. बाईच्या हातात कागद होता. तिने घरच्या गॅरेजमध्ये सुतारकाम सुरू केलं होतं. लहान मुलांच्या खुर्च्या करायची. कागदावर तिने नीट लिहून आणलं होतं: टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकेक लांब ट्यूब आणि भिंतीवरचा पंखा. बस्स.

नवऱ्याने वर पाहिलं. "हा बघ, लाकडासारखाच दिसतो. तुझ्या कामाला शोभेल. छताला दिवा आहेच, ट्यूब कशाला?"

दुकानदार हसून म्हणाला, वहिनी, गॅरेजसाठी कोण एवढा विचार करतं? वहिनींनी कागदाची घडी घातली. पुन्हा उघडली, पुन्हा घातली. मग म्हणाल्या, बरं. त्या 'बरं'चा मला आजही राग येतो. तिचा नाही, ते म्हणायला लावणाऱ्यांचा.

वायरमन शिडीवर चढला आणि लगेच थांबला. हा माणूस मला आवडला. तो म्हणाला, छत बुटकं आहे. दिवा वर आणि पंखा खाली आला तर पाती उजेड चिरत राहतील. दिवा दोन हात बाजूला घेऊ का? थोडी भिंत खोदावी लागेल.

"भिंत नको," नवरा म्हणाला. "रंग नुकताच दिलाय."

गॅरेजच्या भिंतीचा रंग! जिथे भुसा उडणार, डिंक सांडणार, फळ्या टेकणार, त्या भिंतीचा!

मग मी फिरायला लागलो आणि खाली सगळं लुकलुकायला लागलं. पहिल्याच दिवशी तिने डोळे चोळले. हलती वस्तू तुटक दिसते, असं ती म्हणाली. नवऱ्याचं उत्तर तयार होतं: तुला सगळ्यातच काहीतरी दिसतं.

आता तिचंही सांगतो. ती काळजीचं मडकंच आहे. करवतीचा प्लग काढला का, हे तीनदा बघायची. तीन वर्षांची मुलगी, घरात तिला भिंगरी म्हणतात, आतल्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत गोल फिरायची. ती पडेल म्हणून आईचा जीव खालीवर. दार लावलं तर ती रडेल म्हणूनही खालीवर. अशा बाईला आपलंच चुकतंय हे पटवायला वेळ लागत नाही. तिने स्वतःलाच समजावलं की झोप कमी होतेय, डोळे थकलेत. मला बंद करून काम करून पाहिलं, तर घाम डोळ्यांत जायचा. मग पुन्हा मला सुरू. आगीतून फुफाट्यात.

मी वरून ओरडत होतो. पण पंख्याचं ओरडणं म्हणजे तुमच्या लेखी नुसता आवाज. फार झालं तर तेल घाला म्हणता.

बालवाडीच्या बारा खुर्च्यांचं काम होतं. अकरा झाल्या होत्या. बाराव्या खुर्चीची फळी कापून तिने टेबलावरची गोल करवत बंद केली. बंद केल्यावरही करवतीची चकती थोडा वेळ फिरतच राहते. हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती थांबली. तेवढ्यात दारातून भिंगरीने हाक मारली. तिने तिकडे पाहिलं, परत इकडे पाहिलं. माझ्या पात्यांनी चिरलेल्या उजेडात चकती थांबल्यासारखी दिसत होती. चकतीचा आवाज माझ्या घरघरीत बुडाला होता. तिने भुसा झटकायला हात पुढे केला.

तर्जनीचं टोक. चार टाके.

मी फिरतच होतो. माझं बटण माझ्या हातात नाही, कारण मला हातच नाहीत. त्या दिवसाइतकी लाज मला कधी वाटली नाही.

दवाखान्यातून आल्यावर नवरा गॅरेजमध्ये येऊन हळूच म्हणाला, "अगं, जरा सांभाळून करायचं ना."

हे एक वाक्य या घरात सगळ्या दुखण्यांवर लावतात. जिना निसरडा? सांभाळून उतर. वायर उघडी? सांभाळून जा. वस्तू हलवायची नाही, माणसाने आयुष्यभर अंग चोरायचं.

ती ओरडली नाही. तिने मला सुरू केलं, दिवा लावला. "हात धर वर. हलव."

त्याने हलवला. पाच बोटांची पंधरा झाली. तो बघत राहिला.

"मी सांभाळूनच करत होते," ती म्हणाली. "उजेड तू निवडला होतास."

तो शिडी आणायला गेला.

भिंत खोदली गेली, रंग गेला. आता दोन बाजूंना दोन ट्यूब आहेत आणि भिंतीवर एक साधा, कुरूप पंखा. मी मात्र पोटमाळ्यावर, पाती सुटी करून खोक्यात. आल्यागेल्याला सांगतात, तो पंखाच वाईट निघाला. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी काही संन्यासी नाही, उजेड मीच चिरला. पण मला तिथे टांगलं कोणी?

बारावी खुर्ची बालवाडीत महिन्याभराने गेली. तिच्या बैठकीला तिने दोनदा जास्त पॉलिश केलं. बोट कापलं तेव्हा लागलेला लाल डाग तरी बारीक नजरेला दिसतोच. खुर्ची जाण्याआधी तो दाखवून ती नवऱ्याला म्हणत होती, मी पहिल्याच दिवशी बोलले होते ना?

बोलली होतीस, बाई. मी ऐकलं होतं.

उद्या मला न्यायला कोणी आलं, तर माझ्या रंगाचं कौतुक करू नका. छत किती उंच आहे आणि दिवा कुठे आहे ते बघा. माझ्याखाली कोण काम करणार, ते विचारा. आणि ती काम करणारी कागद घेऊन आली, तर तो तिच्याकडून पूर्ण वाचून घ्या. घडी घालायला लावू नका.