लाडकीमावशीचं गाव

"किल्ली द्या मावशी, कुलूप लावायचंय."

स्वयंपाकीण लाडकीमावशीने कमरेची किल्ली सोडली, पण गृहपाल मॅडमच्या हातात दिली नाही. "ती पोर बसलीय ना आत. तिला कोंडता का?"

मोखाड्यातल्या त्या मुलींच्या वसतिगृहाला मे महिन्यात कुलूप लागे. पोरी आईबापाकडे जात. आत बसलेल्या प्रतिक्षाला दोघंही नव्हती. बाप गेल्यावर काकाने, नवसूने, त्यांच्या घराची कौलं आणि वासे उतरवून आपल्या पडवीला बसवले. पुतणी मात्र कुठेच बसवता आली नाही. तिचं बारावीचं वर्ष राहिलं होतं. जूनमध्ये दार उघडेपर्यंत तग धरायचा, एवढंच.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी फोन केले होते. "बालगृहवाले म्हणतात, याच महिन्यात अठरा पूर्ण होतात, आता घेऊन काय करू? मोठ्या मुलींच्या निवासवाले म्हणतात, अजून अठरा कुठे झालीत?" म्हणजे प्रतिक्षा अगदी नियमात बसून रस्त्यावर आली होती.

"काकाकडे जाईल की," मॅडम म्हणाल्या.

"काका भिवंडीच्या गोदामात कामाला धाडतो," प्रतिक्षा आतून बोलली. "पाड्यावरची मीना गेली, ती शाळेत परत आली का?"

"माझ्या गावाला येईल ती," मावशी म्हणाली, आणि किल्ली देऊन टाकली.

मॅडमना हसू आलं. मावशीचं गाव हा वसतिगृहातला जुना विनोद. दरवर्षी निराळं, कधी खोडाळा, कधी वांगणी. पोरी म्हणत, मावशीच्या गावाला चाकं आहेत. कमरेची किल्लीही त्यांना तिच्या घराचीच वाटे. ती होती वसतिगृहाच्या स्वयंपाकघराची.

जीपमध्ये प्रतिक्षाने विचारलं, "मावशी, घर केवढं हाय तुझं?"

"मोठं. मांडव घातलेला."

खोडाळ्याजवळच्या पाड्यावर मांडव होता खरा, पण परक्याच्या लग्नाचा. मावशी थेट चुलीकडे गेली, पदर खोचला आणि डाळ ढवळू लागली. प्रतिक्षाला उमगलं. लग्नघरी राबणाऱ्या म्हातारीला कोणी गाव विचारत नाही. नवरीकडच्यांना ती नवऱ्याकडची वाटते, नवऱ्याकडच्यांना नवरीकडची. भात मिळतो, मांडवात पाठ टेकते, वऱ्हाड पांगलं की पुढचा पाडा. मावशीने सगळे मे असेच काढले होते. हिशेब चोख होता. चुकला तो एकाच जागी: म्हातारी दिसत नाही, तरणी पोर दिसते.

"ही कोणाची गं?" नवऱ्याच्या आत्याने, धोंडीबाईने, दुपारीच विचारलं.

"माझी."

"तुझी? देवाला लय उशिरा आठवण झाली तुझी!" बाया खिदळल्या. "लगीन करायचं काय हिचं? माझा हरेश हाय. दारू पितो, पण रोज नाय."

दुसऱ्या मांडवात हेच झालं. तिसऱ्यात पोरं चुलीभोवती घुटमळू लागली, तेव्हा घरधनी देवजीने हात जोडले. "मावशे, तू ऱ्हा. तू घरचीच. पण ही पोर मांडवात नको. काय झालं तं नाव माझं येल."

"मग मी बी जाते." मावशीने पळी खाली ठेवली.

"तुझी जागा कशाला घालवतीस?" प्रतिक्षा म्हणाली. पुढ्यातला लसूण तिने सगळा सोलून दिला, हात धुतले आणि रस्त्याला जाऊन भिवंडीला निघालेल्या मजुरांच्या जीपमध्ये चढली. "जूनला येते," तिने आतून सांगितलं. मावशीला हाक सुचेपर्यंत जीप वळणाआड गेली.

जूनमध्ये किल्ली पुन्हा कमरेला आली. पोरी आल्या, प्रतिक्षा आली नाही. "मावशी, गावाला काय केलंस?"

"लग्नं जेवले."

तेव्हापासून मावशी रात्री स्वयंपाकघराच्या पुढच्या दाराला नेमाने कुलूप लावते. मागच्या दाराची कडी मात्र काढून ठेवते. मॅडम ओरडतात, "अहो, कुत्री शिरतील!"

"शिरू दे," ती म्हणते, आणि झाकलेलं ताट दाराकडे जरा सरकवते.