दारातली चप्पल

समोरच्या शिवणकामवाल्या बाईंचं घर कुणीतरी भरदुपारी फोडलं, आणि दुसऱ्याच दिवशी मी आमच्या दाराला नवं कुलूप बसवलं. कुलपं बसवणं हाच माझा धंदा. लोकांची घरं पक्की करत फिरायचं आणि आपलं उघडं टाकायचं, ही शोभा नको होती. दार ओढलं की आपोआप बंद होणारं, आतून मूठ फिरवून उघडायचं, बाजारातलं सगळ्यात दणकट कुलूप आणलं. बसवून झाल्यावर नेहमीसारखा बाहेर उभा राहिलो, पहार घातली, खांदा मारून पाहिला. दार हललं नाही. मी खूश.

"आता चोर हात जोडून परत जाईल," मी बाबांना म्हणालो.

"आणि मी रे?" ते हसून म्हणाले. मला थट्टा वाटली. मीही हसलो.

बाबा सुतार. ते दार त्यांनीच घडवलेलं. आता संधिवातानं बोटं वाकडी झाली होती. रोज चारला ते कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जाऊन बसायचे. केस कापायला नव्हे. डोक्यावर उरले होतेच किती! न्हावी त्यांचा जुना दोस्त. दोघं तासभर सगळ्या गल्लीच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचे. मी कामावर, बायको शाळेतून सहाला यायची. तो एक तासच काय तो बाबांचा स्वतःचा.

आठवड्याभरात एकदा लवकर घरी आलो, तर दाराच्या फटीत त्यांची जुनी चप्पल अडकवलेली आणि आत कुणीच नाही. माझं डोकंच फिरलं. तडक सलूनमध्ये गेलो आणि चार गिऱ्हाइकांदेखत ओरडलो, "बाबा, चोरांना आवतण दिलंय का? साधं एक दार ओढून घेता येत नाही तुम्हाला?"

ते उठले आणि माझ्यामागोमाग घरी आले.

त्यानंतर ते सलूनला गेले नाहीत. विचारलं की म्हणायचे, "कंटाळा येतो रे." बायको एकदा म्हणाली, "बाबांना काहीतरी होतंय." "वय होतंय," मी म्हणालो आणि विषय संपवला. वर्षभरानं बाबा गेले.

चार दिवसांनी न्हावी भेटायला आला.

"दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी तुमच्या खिडकीशी येऊन उभा राहायचो," तो म्हणाला. "गजांतून बोलायचो. त्यांच्याच्यानं ती आतली मूठ फिरत नव्हती ना. म्हणून तर आधी तुम्ही निघालात की दार लागायच्या आत चप्पल अडकवून ठेवायचे. म्हटलं, पोराला सांगा, बदलून देईल. तर म्हणाले, नको, त्याला वाटेल बाप कामात खोट काढतोय."

तो गेल्यावर मी दारापाशी बसलो. घरफोडीच्या खुणा मला चटकन दिसतात. कुणी कुलूप उचकटायला गेलं की भोवती बारीक ओरखडे उमटतात. गिऱ्हाइकांना मी ते बोटानं दाखवतो. आमच्या कुलपाभोवती तसलेच ओरखडे होते. जुने, नवे, एकावर एक. बाबांच्या पटाशीची, त्या सुतारी छिन्नीची, रुंदी मी लहानपणापासून ओळखतो. सगळे ओरखडे आतल्या बाजूला होते.

वर्षभर मी त्याच दारानं ये-जा केली. कुलूप तपासलं ते मात्र दर वेळी बाहेरून. ती मूठ काढून हलकी मूठ लावायला मला दहा मिनिटं लागली असती.