मेव्हण्याचा दगड

डागीने घोरपडीच्या कातड्याचा ढोल डोक्यावर धरला, होडीतून उतरला आणि गुडघाभर चिखल तुडवत सैबाई बेटाच्या धक्क्याकडे चालू लागला. मागून त्याची बायको कोआ चटयांची वळकटी खांद्यावर टाकून येत होती. चिखल खोल होता आणि ती डागीला नावं ठेवत होती, की भरतीची वाट बघायला काय झालं होतं. त्याचं सगळं लक्ष धक्क्याच्या पलीकडे, काळ्या कपड्यांत उभ्या असलेल्या आपल्या बहिणीकडे होतं.

धक्क्यावरचा अधिकारी नवा होता. कॅलम त्याचं नाव. उन्हाने नाक सोललेला, बोलायला मऊ. त्याने म्हाताऱ्याला हात देऊन वर घेतलं, प्यायला पाणी दिलं आणि रोज सगळ्यांना विचारायचा तेच विचारलं.

"कुठून आलात, बाबा?"

"ओबाटाहून."

कोआने मागून कोपर मारलं, पण शब्द निघून गेला होता.

हे पाणी अरुंद आहे. उत्तरेला पापुआ न्यू गिनीचा किनारा, दक्षिणेला हे ऑस्ट्रेलियाचं बेट. दोन्ही देशांचा करार असा, की किनाऱ्यावरच्या ठरावीक गावांनी आणि बेटांवरच्या लोकांनी आपल्या रीतीभातींसाठी पासपोर्टाशिवाय, व्हिसाशिवाय यावं-जावं. डागीचं गाव वुराबाडू त्या ठरावीक गावांतलं होतं. तो तिथेच जन्मला, तिथेच वाढला. पण वुराबाडूच्या विहिरींत समुद्र शिरला, पाणी खारट झालं, तेव्हा त्याने खाडीपलीकडे उंचावर कोनफळांचा मळा केला आणि मळ्यातच झोपडी बांधली. मागून आणखी काही घरं तिथे आली. त्या जागेचं नाव ओबाटा. आणि डागीच्या लोकांत माणसाला ठिकाण विचारलं, की ज्या जमिनीत त्याची कोनफळं आहेत तिचंच नाव तो सांगतो. दुसरं सांगितलं तर ते खोटं ठरतं.

कॅलमने आपल्या यादीत ओबाटा शोधलं. सापडलं नाही. त्याने वरच्या कचेरीत फोन लावला. बराच वेळ तो नुसतं हो, हो म्हणत राहिला. मग फोन ठेवून त्याने सांगितलं, की ओबाटा करारात नाही. पुढच्या बैठकीत विषय काढता येईल. आज मात्र परत जावं लागेल.

सिपोरा, डागीची बहीण, एव्हाना धक्क्यावर येऊन पोचली होती.

"माझा भाऊ आहे तो. सख्खा."

"माहीत आहे, मावशी," कॅलम म्हणाला. "पण मी लिहून घेतलंय, आणि वरून नाही म्हणालेत."

तिने भावाच्या हाताला नुसता हात लावला. डागी ढोल घेऊन पुन्हा चिखलात उतरला.

दुसऱ्या दिवशी एनोसाचा दगड उघडायचा होता. एनोसा सिपोराचा नवरा. बेटावरची रीत अशी, की माणूस गेला की घरच्यांनी रडायचं आणि बाकी सगळं करायचं ते त्याच्या सासुरवाडीने. त्याला न्हाऊ घालायचं त्यांनी, मातीत ठेवायचं त्यांनी. पुढे सवडीने थडग्याचा दगड येतो, रंगीत कापडांत गुंडाळलेला. ती कापडं सुटायची तीही सासुरवाडीच्याच हातांनी. तोवर बायकोच्या अंगावरचे काळे कपडे उतरत नाहीत. सिपोराच्या माहेरचा उरलेला पुरुष म्हणजे डागी एकटाच. एनोसा गेला तेव्हा रोगाच्या साथीमुळे या पाण्यावरचं येणं-जाणं बंद होतं. त्याला परक्या हातांनी पुरलं. डागी त्या दिवशी समोरच्या किनाऱ्यावर बसून बेटावरच्या चुलींचा धूर बघत होता. ती एक गोष्ट त्याच्या हातून गेली होती. आता ही दुसरीही चालली होती.

परतीच्या वाटेवर कोआ बेटाकडे पाठ करून बसली.

"वुराबाडू म्हणायला जीभ झडली असती का तुझी?"

"मळा कुठाय माझा?"

"मळा, मळा. आता त्या मळ्यालाच पाठव दगड उघडायला."

संध्याकाळी वुराबाडूहून चुलतभाऊ आला. त्याने सुचवलं, की सकाळी दुसऱ्या होडीतून जा आणि या वेळी नीट सांग. डागी म्हणाला, त्या पोराने एकदा आपलं तोंड पाहिलंय. त्याच तोंडाने दुसरं गाव सांगायचं, ते जमायचं नाही.

सकाळी तो मळ्यात वेलांसाठी काठ्या रोवत होता. रोवलेली काठी उपटून पुन्हा तिथेच रोवत होता. कोआ लांबून बघत होती आणि काही म्हणत नव्हती, म्हणजे तिचाही राग ओसरला होता. ऊन चढलं तशी भरती आली, आणि भरतीबरोबर इंजिनाचा आवाज आला. मग दुसऱ्या इंजिनाचा. मग किती ते कळेना.

"अहो," कोआने हाक मारली. रागात असली की ती अरे-तुरे करायची. "जरा इकडे या."

खाडीच्या तोंडातून होड्या आत येत होत्या. पुढच्या होडीत सिपोराचा मुलगा येरेमिया इंजिन धरून बसला होता, पुढच्या टोकाशी सिपोरा, आणि मधे लाल, पिवळ्या, निळ्या कापडांत गुंडाळलेलं काहीतरी दोरांनी घट्ट बांधलेलं होतं. त्याला नारिंगी जीवरक्षक जाकीट घातलेलं होतं. मागच्या होड्यांत निम्मं बेट होतं.

डागी तसाच उभा राहिला. हातात काठी.

"बघतोस काय नुसता?" सिपोरा ओरडली. "भावोजी आलेत तुझे. उतरवून घे त्यांना."

दगड चढावर आणायला सहा-सात जण लागले. डागी सगळ्यांच्या पुढे होता, आणि त्याचा खांदा तिथून हलवायची कुणाची छाती झाली नाही. काल संध्याकाळी बेटावर काय घडलं ते येरेमियाने चालता चालता सांगितलं. मोठी सभा भरली होती. कुणी म्हणालं, बेटावरचाच एखादा माणूस सासुरवाडीचा म्हणून उभा करू. कुणी म्हणालं, पुढच्या वर्षी बघू. आई कोपऱ्यात बसली होती. तिने एवढंच विचारलं, की करार एकाच बाजूने चालतो का?

हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कारण वर्षानुवर्षं होड्या इकडूनच तिकडे जात होत्या. दुकानाला, दवाखान्याला, दुष्काळात गोड्या पाण्याला. तिकडचं माणूस इकडे यायचं जवळजवळ बंदच झालं होतं, आणि आपल्यालाही तितकीच मोकळीक आहे हे बेटावरचे लोक विसरून गेले होते. चर्चच्या पाळकांनी एक शंका काढली, की दगड थडग्यावर उघडायचा असतो. आई म्हणाली, बाबा इस्पितळातून शेवटचे घरी आले ते होडीतूनच. आणखी एक फेरी त्यांना जड नाही.

"आणि जाकीट?" डागीने विचारलं.

"होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला घालायचं, असा नियम आहे, मामा."

ओबाटाला इतके पाहुणे कधी आले नव्हते. कोआने सगळ्या वस्तीला कामाला लावलं. डुक्कर धरलं गेलं, खड्ड्यात दगड तापले, केळीची पानं आली. बेटावर न्यायच्या चटया तिने आंब्याच्या झाडाखाली अंथरल्या आणि त्यांच्यावर एनोसाला उभं केलं.

डागीने हात धुतले. पाळकांनी प्रार्थना म्हटली, पण ती त्याच्या कानांपर्यंत पोचली नाही. त्याने पहिली गाठ सोडली. कापडांवर कापडं होती आणि प्रत्येक गाठ कुणीतरी मन लावून मारलेली होती. त्याने घाई केली नाही. चाकू पुढे आला, तो त्याने मागे सारला. शेवटचं निळं कापड खाली पडलं आणि दगडात बसवलेल्या फोटोतून एनोसा हसला. पुढचे दोन्ही दात दाखवत, डुगाँग या समुद्रगाईच्या शिकारीच्या फुशारक्या मारताना हसायचा तसा.

डागीने दोन्ही तळहात दगडावर ठेवले. दगड उन्हाने ऊबदार झाला होता.

"आलास ना," तो म्हणाला.

सिपोरा झोपडीत जाऊन आली ती फुलाफुलांचा पिवळा झगा घालून. तिला पाहिलं आणि डागीने ढोल घेतला. बेटावरची माणसं आणि ओबाटाची माणसं एका रांगेत नाचली. पावलं अशी पडत होती, की आंब्यावरून पानं गळली. खुद्द पाळकही नाचले, आणि ते वाईट नाचले. पोरीबाळी त्यांची नक्कल करून हसल्या. कोआने झग्याला पुसलेल्या हातांनी नणंदेला ओढून मधे घेतलं. दुपार कलली तरी कुणी बसेना.

शेवटी बहीण-भाऊ जेवणाची पानं घेऊन बाजूला बसले.

"त्या पोराने अडवलं नाही?" डागीने विचारलं.

"त्यानेच दगड होडीत चढवायला हात लावला. कुठे चाललात, म्हणाला. म्हटलं, भावाकडे, ओबाटाला. त्याने तसंच लिहून घेतलं. यादी येणाऱ्यांसाठी असते, जाणाऱ्यांसाठी नाही, म्हणे." सिपोराने हाड चोखलं. "मग मान खाली घालून विचारतोय, मावशी, मीही येऊ का?"

"मग?"

"म्हटलं, ये की बाळा. पण तुला पासपोर्ट लागेल. आणि व्हिसा."

डागीच्या घशात घास अडकला. तो खोकला, मग हसला, आणि हसू आवरेना. गोष्ट या चटईवरून त्या चटईवर गेली आणि जिथे जिथे पोचली तिथे हशा उठला. डागीने डोळे पुसले. मग तो म्हणाला,

"मळा कुठाय त्याचा?"

"मीही तेच विचारलं. कुठेच नाही म्हणाला. आई एका शहरात, बाप दुसऱ्या, आणि हा भाड्याच्या खोलीत."

होड्यांना भरती गाठायची होती, दगड परत थडग्यावर न्यायचा होता, माणसं आवराआवर करू लागली होती. डागी उठला आणि मळ्यात गेला. कडेला मातीचा एक उंचवटा रिकामा होता. त्याने बियाण्याच्या कोनफळाचा एक तुकडा त्यात पुरला, माती दाबली आणि शेजारी काठी रोवली. ही मात्र त्याने पुन्हा उपटली नाही.

"हे कुणाचं?" कोआने विचारलं.

"त्या पोराचं."

"तो कशाला येतोय इथे?"

"येईल," डागी हाताची माती झटकत म्हणाला. "कागद जमले की येईल."