चढावर इंधन तुटू नये म्हणून

मागच्या हिवाळ्यातल्या चढाच्या शर्यतीत, लिवाच्या वाळवंटातल्या मोठ्या वाळूच्या टेकडीवर, खलफानची गाडी निम्म्यात खोकली, थांबली, आणि जशी वर गेली होती तशीच उलट्या पावली खाली आली. इंजिन दीड हजार हॉर्सपॉवरचं होतं. टाकीत इंधनही भरपूर होतं, फक्त ते इंजिनाकडे नव्हतं. कोणीतरी त्याचा व्हिडिओ गाणं लावून सोडला. त्यानंतर वर्षभर खलफान ज्या मयताला जाई तिथे दुःख व्यक्त करून झालं की लोक हळूच विचारत, "बू हमद, गाडी काय म्हणते?" थोरला मुलगा हमद, म्हणून सगळे त्याला बू हमद, म्हणजे हमदचा बाप, म्हणत. हमद त्या काळात शक्यतो बापाबरोबर कुठे जात नसे.

खलफान सरकारी पाणीखात्यात अभियंता होता. घरांच्या टाक्यांचे आराखडे मंजूर करण्यात त्याची नोकरी सरली होती, त्यामुळे गाडीची टाकीही त्याने घराच्या टाकीसारखीच केली होती: नळी तळाशी, बरोबर मध्यभागी. घरं सहसा टेकड्या चढत नाहीत, एवढाच फरक त्याच्या नजरेतून सुटला. गाडीने नाक वर केलं की सगळं इंधन मागच्या भिंतीला जाऊन बसतं आणि मधली नळी हवा पिते.

"या वर्षी वर पोचलात तर पोचलात," त्याची बायको ओशा म्हणाली. "नाहीतर गाडी विकायची आणि मला स्वयंपाकघर बांधून द्यायचं. तिथे हवी तशी नळी टाका."

म्हणून खलफानने सगळं नव्याने मांडलं. मागे शर्यतीची टाकी, आत स्पंजासारखा फेस भरलेली. इंधन हिंदकळत नाही आणि गाडी उलटली तरी भडका उडण्याची भीती कमी. तिची नळी मागच्या भिंतीलगत. तिथून दोन लहान पंप एका उभट छोट्या टाकीत इंधन ओतत राहतील, म्हणजे ती कायम काठोकाठ. आणि तिथून एक दांडगा पंप इंजिनाला पाजेल. कागदावर हे फार देखणं दिसत होतं. दांडगा पंप मात्र परदेशातून यायचा होता. तो बंदरावर येऊन पडला होता आणि त्याची तपासणी चालू होती. शर्यत तोंडावर आली तरी चालूच होती.

तेव्हा खलफान मुसब्बहकडे गेला. मुसब्बह त्याचा शाळेपासूनचा प्रतिस्पर्धी. दर हिवाळ्यात टेकडी चढायचा आणि वरून हात हलवायचा. त्याच्याकडे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप होता. इंजिन जितकं ओरडेल तितकं जास्त इंधन देणारा. खलफानला तो फक्त बघायचा होता.

आमच्याकडे बघणं इतकं सोपं नसतं. दुसऱ्याच्या चांगल्या वस्तूकडे बघून माशाअल्लाह म्हटलं नाही, तर नजर लावली म्हणतात. आणि कौतुक केलं, तर मालक ती वस्तू तुमच्या हातात ठेवतो. शहाणा माणूस म्हणून दुसऱ्याच्या दारात छताकडे बघतो. खलफानने खजूर खाल्ले, तीन कप कॉफी घेतली, छपराचं लोखंड मन लावून बघितलं. पण मुसब्बहने गाडीचं झाकण उघडलं, आणि तो पंप असा काही चमकला की खलफानच्या तोंडून गेलंच.

"माशाअल्लाह! काय पंप आहे!"

"तुझा झाला," मुसब्बह म्हणाला आणि पाना शोधू लागला.

"अरे वेडा आहेस का? शर्यत आहे तुझी!"

"तोंडातून गेलं तुझ्या. मी ऐकलं."

"तोंड माझं, मी परत घेतो!"

"हे बघ बू हमद, हा पंप या वर्षी पुन्हा माझ्या गाडीवर चढला तर माझ्या बायकोला तलाक!"

आतून मुसब्बहची बायको ओरडली, "मागच्या महिन्यात बकऱ्याच्या मांडीवरून तलाकाची शपथ घेतलीत, आता पंपावरून! एकदाचा देऊन टाका, मी माहेरी जाऊन झोप तरी काढते!"

शपथ झाली होती. खलफान पंप मांडीवर घेऊन घरी आला. एवढा ओशाळवाणा आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

"परत देऊन या," ओशा म्हणाली.

"दिला तर त्याचा संसार मोडतो."

"मग नीट लावा तरी. त्या माणसाने स्वतःची टेकडी काढून दिलीय तुम्हाला."

नीट लावायलाही मुसब्बहच आला, स्वतःचे पाने घेऊन. आराखडा बघून त्याने च्यक् केलं. "उरलेलं इंधन परत कुठे सोडतोयस? या छोट्या टाकीत?"

"जवळ पडते."

"जवळ पडते, आणि तेच तेच इंधन फिरून चहासारखं उकळतं. मागच्या मोठ्या टाकीत सोड, थंड होऊ दे. सरकारी पाणी पाजतोयस का गाडीला?"

खलफानने नळी बदलली. उद्धटपणा ऐकून कोणाचे आभार मानावेसे वाटतात, हे त्याला पन्नाशीत कळलं.

शर्यतीच्या दिवशी मुसब्बह प्रेक्षकांत खुर्ची टाकून बसला होता. त्याची गाडी घरी चादरीखाली होती. नाव मात्र यादीत होतं. काढायला कोणी गेलं नव्हतं.

खलफान निघाला. निम्म्यावर, जिथे मागच्या वर्षी खोकला लागला होता, तिथे त्याने नकळत श्वास रोखला. गाडीने रोखला नाही. एकदम समोर वाळू संपली आणि फक्त आकाश उरलं. वर पोचल्यावर हात हलवायचा असतो, पण त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटले होते आणि डोळ्यांत वाळूही गेली होती, असं त्याने नंतर सांगितलं.

प्रत्येक गाडीला दोन फेऱ्या असत. खलफान खाली आला, सरळ मुसब्बहच्या खुर्चीपुढे गाडी उभी केली आणि शिरस्त्राण काढून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"हे काय?"

"दुसरी फेरी तुझी. समितीला सांगून आलोय."

"शपथ आहे माझी!"

"तुझ्या गाडीची. ही माझी आहे. ऊठ, नाहीतर मीही शपथ घेतो, आणि ओशाला विनोद कळत नाही."

मुसब्बहने दोन क्षण शिरस्त्राणाकडे बघितलं. मग ते डोक्यात घालून उठला.

खलफान त्याच्या खुर्चीत बसला. इतकी वर्षं गाडी हाकली, पण तिचा आवाज त्याने बाहेरून कधी ऐकला नव्हता. आत बसलं की नुसता गदारोळ असतो. आता तो आवाज टेकडीच्या पायाशी उठला आणि वर चढत गेला. एकसंध, ताणलेला, कुठेही न तुटलेला. गाडी माथ्यावरून पलीकडे गेली, तरी आवाज थोडा वेळ अलीकडे रेंगाळला.

फलकावर मुसब्बहची वेळ लागली. खलफानच्या वेळेपेक्षा ती चांगलीच कमी होती.

"बघितलंस बू हमद?" शेजारचा म्हणाला. "तुझ्याच गाडीने तुला हरवलं."

"हो," खलफान म्हणाला. "धार एकदाही तुटली नाही." आणि कॉफीचा कप भरून, दोन्ही हातांत धरून, तो मुसब्बह खाली यायची वाट बघत उभा राहिला.