खोलीत दोघंच

लातुरात माझी वरची खोली भागवतला अन् त्याच्या बायकोला किरायानं देताना मी दम भरला होता, "दोघंच ऱ्हायचं. पाव्हणा चालणार न्हाई."

परवा दोघं कामाला गेलेले, दाराला कुलूप, अन् आत कुणीतरी खोकून राहिलं. माझ्याकडच्या चावीनं मी न विचारताच दार उघडलं. पाण्याच्या ड्रममागं एक म्हातारी अंग चोरून बसलेली, डोळ्याला हिरवी पट्टी.

"मालक, माझ्या लेकाला बोलू नगा. डोळ्याचं आपरेशन झालंय. उद्याच भोकरला जाते," म्हणत तिनं हात जोडले.

माझ्या आईच्या वयाची बाई! लई लाज वाटली. "आई, पट्टी निघंस्तोवर ऱ्हावा," म्हणलो अन् उठवायला हात पुढं केला. तशी ती भिऊन अजूनच मागं सरकली.