पाणी कुणाच्या बादलीत?

मी एक जुनी जस्ताची बादली आहे. कडी वाकलेली, बुडाला पोचे. पण मित्रांनो, मी कोर्टात जाऊन आलेय! तुमच्या ओळखीची दुसरी बादली कधी गेलीय का?

अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या कारखान्यात मी घडले. अर्लीन टॉलिव्हरबाईंनी मला घरी आणलं तेव्हा मी नुसती लखलखायचे. रविवारी बाई माझ्यात मोहरीची पानं धुवायच्या. शेजारणी म्हणायच्या, "काय छान बादली गं!" मी फुगून जायचे.

मग छप्पर गळू लागलं. बर्फ वितळला की बाईंच्या पलंगापाशी टप्, टप्! माझी रवानगी तिथे झाली. सरकारचं घरखातं करार करून बाईंचं निम्मं भाडं घरमालकाला द्यायचं. म्हणून मालक म्हणे, "घरखात्याला सांगा." खातं म्हणे, "मालकाला सांगा." असे चार हिवाळे गेले. एके सकाळी छताचा भलामोठा तुकडा बाईंच्या उशीवर कोसळला. बाई नुकत्याच उठल्या होत्या म्हणून वाचल्या! त्याच दिवशी त्यांनी थेट खात्यावर दावा लावायचं ठरवलं.

"मिस अर्लीन, सरकारवर दावा? डोकं ठिकाणावर आहे ना?" शेजारचे लूशियस म्हणाले.

"आहे म्हणूनच. फुटायची वाट बघू का?"

सुनावणीला बाई चर्चला जायची जांभळी टोपी घालून निघाल्या आणि हातात मी! दारावरचा शिपाई म्हणाला, "सफाईवाल्यांचं दार मागे आहे."

"फरशी पुसायला नाही रे बाबा, जाब विचारायला आलेय!"

खात्याचा वकील म्हणाला, "करार खातं आणि मालक यांच्यातला. भाडेकरूंना इथे दाद मागायचा हक्कच नाही." हे न्यायाधीशांना पटलं असतं, तर दावा तिथेच संपला असता.

बाईंनी मला टेबलावर ठेवलं. खण्ण! "करार तुम्हा दोघांचा ना, साहेब? मग पाणी माझ्या बादलीत का पडतं?"

सगळे हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी वाकून माझ्यात पाहिलं. तळाशी छताचा चुना साचला होता.

"या बाईंना दाद मागायचा हक्क आहे," ते म्हणाले. "दावा चालेल."

अहाहा! सोबत आलेले लूशियस बाकावरून उडालेच. बाई मात्र मला कवटाळून रडल्या.

दावा अजून चालू आहे आणि छप्पर अजून गळतंय. पण माझ्या अंगावर आता चिठ्ठी आहे, 'पुरावा क्रमांक एक'. बाई ती ओली होऊ देत नाहीत. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. छप्पर जपा, त्याखालची माणसं जपा. भरल्या घागरीला लोक शुभ म्हणतात. मला मात्र एकदा कोरडी ठणठणीत व्हायचंय!